हत्ती गेला, शेपूट राहिलं

लांबच्या समुद्रसफरीवरून आलेली माणसं बेटांबद्दल तासन्‌तास बोलतात. परतीच्या शेवटच्या दिवसांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माहितीपत्रकात वाळूचा किनारा असतो, कॅप्टनची पांढरीशुभ्र टोपी असते आणि हातात शहाळं धरून हसणारं एक चिरतरुण पेन्शनर जोडपं असतं. महिन्याभरानंतर तेच जोडपं ओल्या मोज्यांची पिशवी घेऊन लाँड्रीच्या दारात तिसऱ्याच कोणाशी तरी भांडत असतं. तो फोटो कोणी छापत नाही.

आम्ही या फंदात पडलो ते साडूंमुळे. साडू डॉक्टर. उभी हयात लेस्टरमध्ये इंग्रजांच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर ते इंग्रजांसारखेच जहाजाच्या नादी लागले. ऐन हिवाळ्यात साउथॅम्प्टनहून निघायचं, अटलांटिक ओलांडायचा, कॅरिबियनमधली बेटं बघायची आणि त्याच जहाजाने परत यायचं, असा महिन्याहून जास्तीचा बेत होता. जातानाचं काही सांगत नाही. जाताना सगळेच सुखी असतात. बार्बाडोसपर्यंतचा प्रवास म्हणजे रोज थोडी जास्त ऊब, रोज थोडे कमी कपडे आणि रोज तीन वेळा फुकटचं आइसक्रीम.

शेवटचं बेट मागे पडलं की हत्ती गेलेला असतो. राहतं ते शेपूट, आणि अटलांटिकचं शेपूट भलतं लांब आहे. एवढं मजल्यामजल्यांचं जहाज, पण त्याचा वेग म्हणाल तर ताशी वीस नॉट, म्हणजे साधारण सदतीस किलोमीटर. भरलेला ट्रक घाट चढताना जातो त्याच्याहून किंचित बरा. त्या वेगाने अझोर्स बेटं येईपर्यंत पाच-सहा दिवस जमीन नाही, पक्षी नाही, दुसरं जहाज नाही. फक्त घड्याळ आहे, आणि तेही विरोधात.

या घड्याळाचं सांगायलाच हवं. इंग्लंड आणि बार्बाडोस यांच्या वेळेत हिवाळ्यात चार तासांचा फरक असतो. जाताना दर दोन-तीन दिवसांनी रात्री घड्याळ एक तास मागे करायचं, म्हणजे एक तास झोप जास्त. लोक सकाळी नाश्त्याला एकमेकांचं अभिनंदन करायचे, जणू कॅप्टनने तो तास स्वतःच्या खिशातून दिला होता. परतताना तेच चार तास एकेक करून वसूल होतात. उशीवर चिठ्ठी येते : आज रात्री घड्याळ एक तास पुढे करावे. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सुतकी शांतता. कोणी सावकारही कर्जाचा हप्ता इतक्या नेमाने मागत नसेल. आमच्या घरात पहाटे साडेपाचला उठण्याचा दंडक पाळणारी एकच व्यक्ती आहे आणि ती मी नव्हे. तिचा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही. “अहो, आत्ता खरे किती वाजले?” हा प्रश्न मला रोज विचारला जाई, आणि खरे म्हणजे कुठले, हे सांगता येत नसे. जहाजाचे, साउथॅम्प्टनचे, बार्बाडोसचे, की ठाण्याचे?

दुपारी बारा वाजता कॅप्टन ध्वनिक्षेपकावर येतो. आपण कुठे आहोत, वारा किती, लाट किती, हे सांगतो आणि मग विशेष आनंदाने सांगतो की आपल्या खाली या क्षणी साडेचार हजार मीटर पाणी आहे. ही माहिती कोणी मागितलेली नसते. पोहता न येणाऱ्या माणसाला चार हजार मीटर आणि चार मीटर सारखेच. पण आमच्या मेहुणीबाईंना ती गोष्ट लागली. पुढे इंग्लंडजवळ समुद्रतळाचा कडा चढून जहाज उथळ पाण्यात आलं आणि कॅप्टन म्हणाला, आता फक्त शंभर मीटर, तेव्हा त्यांनी सुटकेचा असा निःश्वास सोडला की वेळ पडली तर त्या उभ्या राहूनच चालत येतील असं वाटलं.

परतीच्या वाटेवर रोज थंडी दोन-दोन अंशांनी वाढते. पण इंग्रज माणूस ऊन सहजासहजी सोडत नाही. त्याने त्याचे पैसे मोजलेले असतात. वारा इतका की हातातल्या पुस्तकाची पानं आपोआप उलटावीत, तरी ही मंडळी डेकवरच्या खुर्चीवर चड्डी आणि निर्धार एवढ्यावर पडून असतात. पहिल्या दिवशी अंगावर टॉवेल येतो, दुसऱ्या दिवशी स्वेटर, तिसऱ्या दिवशी ब्लँकेट. चौथ्या दिवशी पोहण्याच्या तलावातलं पाणी एवढं हेलकावू लागलं की खलाशांनी तो रिकामा करून वर जाळं बांधलं आणि खुर्च्या रचून दोरखंडांनी आवळल्या. तेव्हा कुठे एक गृहस्थ उठले आणि कोणाकडेही न बघता आत गेले.

मध्ये अझोर्समध्ये पोंता देलगादाला एक दिवस जमीन लागते. शेपटावरचा एक केस म्हणा. तिथे फुर्नास नावाच्या गावी जमिनीतून वाफा निघतात आणि लोक मांस, कोबी, कंद भरलेलं भांडं जमिनीत पुरून तासन्‌तास शिजू देतात. सगळे प्रवासी तोंडात बोट घालून बघत होते. आमच्या मंडळींनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, “ही तर पोपटी! फक्त लाकडं वाचवलीत.” रायगडच्या माणसाला परदेशात आश्चर्य वाटायला लावणं सोपं नाही.

आता लाँड्री. इंग्रजी जहाजांवर प्रवाशांसाठी बहुधा केबिनच्या मजल्यांवर एकेक छोटी खोली असते. तीन-चार वॉशिंग मशीन, तेवढेच ड्रायर, दोन इस्त्र्या. वापर फुकट. ‘फुकट’ या शब्दाने फक्त आपलीच माणसं वेडी होतात, असा माझा समज होता. तो इथे कायमचा मिटला. नाटकगृहात बड्या लोकांची भाषणं होतात, पण जहाजाचा खरा कारभार या खोलीत चालतो. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कॅप्टन आजारी आहे का, कुठल्या मजल्यावर कोणाला उलट्या होताहेत, ही सगळी बातमी इथे ओल्या कपड्यांबरोबर पिळून निघते.

शेवटच्या चार दिवसांत या खोलीला रणांगणाची कळा येते. कारण एकच : प्रत्येक इंग्रज बाईला घरी धुतलेले कपडे न्यायचे असतात. मला याचा उलगडा होईना. घरी मशीन आहे, पाणी आहे, वाळत घालायला सबंध इंग्लंड पडलंय. डॉक्टर म्हणाले, “घरी वीजबिल येतं.” चाळीस पौंडांची वाइन ओतून झाल्यावर चाळीस पेन्सची वीज वाचवणारा समाज साम्राज्य कसं चालवत असेल, हे मला तेव्हा नीट कळलं.

या खोलीचे कायदे कुठेही लिहिलेले नाहीत, पण ते मोडणाऱ्याला क्षमा नाही. मशीन थांबलं आणि मालक हजर नसला तर दुसऱ्याने किती मिनिटं थांबायचं? एक पक्ष म्हणतो पाच, दुसरा म्हणतो शून्य. त्यानंतर आतले कपडे बाहेर काढायचे का? काढले तर घडी घालायची का? घातली तर तो उपकार की अपमान? निवृत्त न्यायाधीशासारखी दिसणारी एक वृद्धा हातात घड्याळ घेऊन इस्त्रीच्या फळीशी उभी असे. तिने एकदा परक्या माणसाच्या सहा चड्ड्या ड्रायरवर रचून ठेवल्या. तो माणूस आला, त्याने चड्ड्या मोजल्या, पाच भरल्या. पुढचा अर्धा तास जे झालं ते इंग्रजीत झालं, म्हणजे आवाज कोणीच चढवला नाही आणि ‘सॉरी’ हा शब्द तलवारीसारखा फिरत राहिला. आमची सौभाग्यवती या खोलीत पहिल्या आठवड्यात घाबरत गेली होती. शेवटच्या आठवड्यात दोन गटांत समेट तिनेच घडवून आणला. हाउसिंग सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात वीस वर्षं काढलेल्या बाईला अटलांटिकवरचं भांडण म्हणजे पोरखेळ.

तिकडे वरच्या मजल्यावर जहाज आपल्याला घालवण्याच्या तयारीला लागलेलं असतं. हे काम ते फार गोड बोलून करतं. महिनाभर तुम्ही राजे होता. उठला की कोणीतरी अंथरूण घालत होतं, हात धुवायला दारात माणूस उभा राहून ‘वॉशी वॉशी’ करत होता. आता एकेक मान काढून घेतला जातो. दुकानांच्या बाहेर टेबलं लागतात आणि दहा पौंडांची घड्याळं, दहा पौंडांचे स्कार्फ यांचे ढीग पडतात. महिनाभर जी माणसं काचेतल्या हिऱ्यांपुढे उभी राहून हवापाण्यावर बोलत होती, ती या टेबलांना कोपरं मारून भिडतात. सफरीचा मार्ग आखलेला आणि कॅप्टनने सही केलेला नकाशा सोडतीला निघतो. पैसे धर्मादायाला जातात, त्यामुळे तिकीट न घेणाऱ्याकडे लोक वाईट नजरेने बघतात. गंमत अशी की जहाज स्वतः आता संगणकाच्या पडद्यावरचे नकाशे बघून चालतं. कागदी नकाशा उरलाय तो बहुधा सोडतीपुरता.

सगळ्यात लांब रांग मात्र पुढच्या सफरीचं आरक्षण करणाऱ्या टेबलासमोर असते. माणूस दुःखी असताना त्याला काय विकावं, हे जहाज कंपन्यांना विमा एजंटांपेक्षा जास्त कळतं. पहिल्या आठवड्यात त्या टेबलामागची मुलगी नखं रंगवत बसलेली असते. शेवटच्या आठवड्यात तिला जेवायला फुरसत नसते. आता अनामत भरली तर पुढच्या वेळी खर्चायला काही पौंड जमा मिळतात. “काही बांधून घेतलेलं नाही, नंतर रद्द करता येतं,” डॉक्टर म्हणाले. ते मागच्या सफरीतही असंच म्हणाले होते, हे मेहुणीबाईंनी तिथल्या तिथे, रांगेतल्या सर्वांना कळेल अशा मराठीत सांगितलं.

याच दिवसांत ओळखी घट्ट होतात आणि पत्ते दिले-घेतले जातात. जेवणाच्या टेबलावर महिनाभर शेजारी बसून ज्यांच्याशी फक्त सूप आणि गुडघे या दोनच विषयांवर बोललो, त्यांनी आम्हाला यॉर्कशरला राहायला बोलावलं. आम्ही त्यांना ठाण्याला बोलावलं. दोन्ही बाजूंनी आमंत्रण मनापासून होतं आणि कोणी येणार नाही, हेही दोन्ही बाजूंना मनापासून माहीत होतं. शेवटच्या थाटाच्या रात्री सगळे काळे कोट घालून आले. माझ्या बंदगळ्याचं वरचं बटण लागत नव्हतं, खालच्यांबद्दल न बोललेलं बरं. दिवे मंद झाले, वेटर मंडळी बेक्ड अलास्का डोक्यावर नाचवत रांगेने आली आणि हजारभर सुशिक्षित माणसं हातातले नॅपकिन गरागरा फिरवू लागली. आइसक्रीमचा केक भट्टीतून काढलाय यासाठी माणसं एवढी का भारावतात, हे विचारायची ती वेळ नव्हती. मीही नॅपकिन फिरवला.

दुसऱ्या दिवशी फोनला रेंज आली. महिनाभराचे सुप्रभात संदेश एकामागून एक येऊन आदळले, कमळं, सूर्योदय, वाफाळता चहा, शिवाय सोसायटीची टाकी धुणार असल्याच्या सूचना आणि टाकी न धुतल्याबद्दलच्या तक्रारी. आमच्या बायकोने दहा मिनिटांत ठाण्याचा ताबा घेतला. जहाज अजून इंग्लिश खाडीत होतं.

त्या संध्याकाळी बॅगा पलंगाखालून बाहेर आल्या. सामान आपण आणलं होतं त्यापेक्षा जास्त कसं होतं, हा प्रश्न भौतिकशास्त्राने कधी हातात घेतलेला नाही. भडंग आणि मेतकूट संपून रिकामे झालेले डबे त्यात धरले तर उलट कमी व्हायला हवं. नियम असा, की रात्री अकराच्या आत बॅगा रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या. खलाशी त्या रात्रीतून खाली नेतात आणि सकाळी बंदरावरच्या गोदामात रंगांप्रमाणे मांडतात. आमचा रंग जांभळा होता. बस, त्या क्षणापासून आम्ही राजे उरलो नाही, डॉक्टर उरले नाहीत. आम्ही जांभळे झालो. शेजारचे यॉर्कशरवाले हिरवे होते आणि त्यांना आमच्या आधी उतरायचा मान होता. त्यांच्या बोलण्यातही तो थोडा जाणवत होता.

आमचा स्टुअर्ड गोव्याचा, सासष्टीचा. रोज संध्याकाळी तो टॉवेलच्या घड्या घालून पलंगावर कधी हत्ती, कधी माकड, कधी बदक करून ठेवायचा. शेवटच्या रात्री बघतो तर नुसता टॉवेल. खाली दाराच्या फटीतून आलेलं बिल होतं. दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला घरी पोचल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे, पंचगव्य प्यावं लागे, वर ब्राह्मणभोजन. आता ते सगळं उतरण्याआधीच एका कागदात उरकतात. पाण्याच्या बाटल्या, चाचा बनलेल्या माणसाबरोबर काढलेला फोटो, आणि ‘पाठीचा ताण घालवणे’ या सदराखाली एक रक्कम, जी वाचून तो ताण परत आला. “हे कोणी करून घेतलं?” मी विचारलं. बायको खिडकीबाहेर आयल ऑफ वाइटचे दिवे बघू लागली. ते दिसायला अजून चार तास होते.

स्टुअर्डचा निरोप घेताना मी त्याला लिफाफा दिला आणि थोडं भावुक होऊन म्हणालो की आता चुकल्यासारखं वाटेल. तो हसला. “पात्राव, तुमचें सोंपलें. आमचें फाल्यां सांजे परत सुरू.” सकाळी साउथॅम्प्टनला लागलेलं जहाज संध्याकाळी नवे प्रवासी घेऊन निघतं. मधल्या काही तासांत हजारो चादरी बदलायच्या, ट्रकभर बटाटे चढवायचे. तुला घरी कधी जायला मिळणार, असं बायकोने विचारलं, तर म्हणाला, “आनीक तीन म्हयने, बाय. मागीर साइन ऑफ.” साइन ऑफ हे दोन शब्द तो असे उच्चारत होता, जसे आपण ‘दिवाळीची सुट्टी’ उच्चारतो. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनीही बोटीवरच नोकरी केलेली. एकोणिसाव्या शतकापासून पी अँड ओ या इंग्रजी जहाज कंपनीच्या आगबोटींवर डेक सांभाळणारे सारंग-तांडेल आपल्या कोकणातले, गुजरातेतले आणि जेवणघरात, केबिनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी चालत आलेली. बोट मिळेपर्यंत राहायला मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे कूड असत, त्यातले काही अजून आहेत. म्हणजे समुद्रपर्यटनाला कोकणी-मराठी माणूस नवा नाही, फक्त तो इतकी वर्षं ट्रेच्या दुसऱ्या बाजूला होता. आणि उतरायच्या दिवशी तो नाचत उतरतो. पैसे भरून आलेले आपणच तेवढे रडत उतरतो.

सकाळी आठच्या आत केबिन सोडायची होती. जांभळ्यांना नाटकगृहात बसवलं होतं. हातात पिशव्या, अंगात कोट, चेहऱ्यावर दवाखान्यात नंबर लावलेल्या माणसाचा भाव. समोरून एक नव्वदीच्या आजी चहाचा कप घेऊन संथपणे गेल्या. त्या उतरणार नव्हत्या. त्यांनी पुढचीही सफर घेतली होती आणि मागचीही घेतली होती. वृद्धाश्रमाच्या खर्चात आणि यात फार फरक नाही, इथे निदान रोज चादर बदलतात, हे त्यांचं गणित सगळ्या जहाजाला पाठ होतं. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिलं. पुण्यसंचय संपून मृत्युलोकात परत चाललेल्यांकडे स्वर्गातले कायमचे रहिवासी ज्या नजरेने बघत असतील, ती ही नजर असावी.

त्याच सकाळी शेजारच्या मजल्यावरचे एक गृहस्थ टिपटॉप ब्लेझर, टाय, चकचकीत बूट आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पायजमा अशा वेषात उतरताना दिसले. आदल्या रात्री त्यांच्या पत्नीने शिस्तीने सगळं सामान भरून, चिठ्ठी लावून, अकराच्या आत दाराबाहेर ठेवलं होतं. सगळं म्हणजे सगळंच. त्यांचा रंग नारिंगी होता आणि नारिंगी बॅगा सर्वांत शेवटी येणार होत्या. ते ताठ मानेने पासपोर्ट दाखवून बाहेर पडले. त्यांना कोणी काही विचारलं नाही; इंग्लंड आहे.

तुम्ही अशा सफरीला जाणार असाल तर बेटांची माहिती तुम्हाला कोणीही देईल. मी एवढंच सांगतो : शेवटच्या रात्री बॅगेची चेन लावण्यापूर्वी एक पँट बाजूला काढून ठेवा, आणि ती बायकोला दिसणार नाही अशा जागी ठेवा.